शेऱ्याचा रकाना

“त्या दिवशी पाणी नेमकं कुठवर आलं होतं, बाबीकाका?”

बाबी तांडेल ओटीवर बसले होते. मांडीवरच्या सुपात मोड आलेले वाल होते, ते सोलत राहिले. साल डावीकडे, डाळिंबी उजवीकडे.

“मागच्या मे महिन्यातलं वादळ. आठवतंय ना तुम्हाला?”

“आठवता.”

“मग किती आलं होतं पाणी?”

...

“तुझ्या पेटयेक इचार,” ते म्हणाले.

हेमांगीने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. पेटीला विचारून विचारून मी चार महिन्यांत पुरता थकलो होतो.

कोण कुणाचं ते आधी सांगून टाकतो. बाबी तांडेल म्हणजे वेळणे बंदरावरचे जुने भरतीवाचक. धक्क्याच्या भिंतीला आकडे रंगवलेली एक लाकडी पट्टी आहे. ठरल्या वेळी तिथे जायचं, पाणी पट्टीवर कुठे टेकलंय ते वाचायचं आणि वहीत लिहायचं, हे काम त्यांनी एकतीस वर्षं केलं.

डॉ. हेमांगी वडनेरकर त्यांची शिष्या. विदर्भातली मुलगी, समुद्र पहिल्यांदा पाहिला तो याच धक्क्यावरून. दोन महिने त्यांच्या हाताखाली पट्टी वाचायला शिकली आणि पुढे समुद्र मोजणारी यंत्रंच बनवू लागली. आता मोठी झाली आहे.

मी पाध्ये. तिच्या यंत्रांतून जे आकडे येतात ते निवडायचे, पाखडायचे आणि पुढच्या माणसाला सापडतील असे ठेवायचे, हे माझं काम. ऑफिसात मला डेटावाला म्हणतात. भंगारवाला म्हणाले असते तरी चाललं असतं.

वेळण्याच्या धक्क्यावर तिचं यंत्र चार वर्षं आहे. भिंतीला एक उभी नळी, वर हिरवी पेटी. दर मिनिटाला पाण्याच्या उंचीचा एक आकडा. चार वर्षांचे एकवीस लाख आकडे झाले आणि त्यात एकही जागा रिकामी नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी तिचा दिल्लीत सत्कार झाला होता. मीही टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला बोलू.

आता गावात नवीन धक्का बांधायचा होता. किती उंच, ते तिच्या आकड्यांवरून ठरणार होतं. दोन वीत कमी पडला तर पुढच्या वादळात होड्या धक्का ओलांडून घरांवर येणार. दोन वीत जास्त झाला तर ओहोटीला मासळीची टोपली वर द्यायला खालच्या माणसाचा हात पुरणार नाही. उद्या सकाळी अकराला जिल्ह्याच्या ठिकाणी बैठक होती. दाखल्याचा कागद तिच्या पिशवीत होता. बाकी सगळं भरून झालं होतं. ‘आजवरची कमाल पातळी’ एवढा एक रकाना राहिला होता, आणि खाली तिची सही.

“पेटीला विचारलं,” हेमांगी म्हणाली. “ती तीन मीटर सहा सेंटिमीटर म्हणते.”

“मगे झाला तर.”

“पाच तास वीस मिनिटं तेच म्हणते, काका.”

वाल सोलणारी बोटं थांबली.

“पाच तास?”

“वादळ ऐन भरात असताना. तीन-शून्य-सहा, तीन-शून्य-सहा... तीनशे वीस वेळा.”

“वादळात दर्यो पाच तास उभो रवलो?”

“नाही ना.”

“मगे?”

...

“पेटीला दिसत नव्हतं.”

हे ती फार हळू बोलली. मी नऊ वर्षं तिच्याबरोबर काम करतोय. तिचा एवढा हळू आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

“दिसला नाय काय पेटी काय लिवता?” बाबीकाकांनी विचारलं.

“आधीचा आकडा. शेवटचा नीट दिसलेला. पुन्हा दिसेपर्यंत तोच लिहीत राहते.”

“कित्याक?”

“रेघ तुटू नये म्हणून. मधे रिकामी जागा आली की पुढची सगळी गणितं अडतात. लाट उसळली, नळीत शेवाळ अडकलं की दर वेळी भोक पडायचं. म्हणून मीच तसं बसवलं.”

“शिरा पडो तुझ्या रेघेर,” बाबीकाका म्हणाले. रागाने नाही, घरातल्या मुलीला म्हणतात तसं. मग जरा वेळाने हसले. “उपाशी माणसाक इचारला, जेवलंस? तर तो कालचा जेवाण सांगता. तशी गत.”

मला हसू आलं, पण टिकलं नाही. चार महिने मी तेच कालचं जेवण उपसत होतो. रविवारी घरी मुलगी विचारायची, बाबा, तुम्ही रोज तेच तेच पान का बघता? काय सांगणार तिला?

“काका,” मी म्हणालो, “सारखे आकडे सरसकट काढून टाकता आले असते. संस्थेतले साहेब तेच म्हणतात. पण भरती पुरी झाली की पाणी खरंच उभं राहतं ना?”

“रवता तर. धा-पंधरा मिन्टां हलना नाय.”

“मग तेव्हाचे सारखे आकडे खरे. पेटीला दिसत नाही तेव्हाचेही सारखेच. आता पाच तासांचं लगेच ओळखू येतं. पण जिथे वीस मिनिटं आहेत, पंधरा आहेत, तिथे पाणी थांबलं होतं की पेटी आंधळी होती, ते कसं ओळखायचं? एकवीस लाखांत असे साडेतीन लाख आकडे आहेत.”

“खूण नाय काय केलेली?”

“नाही.”

“कित्याक नाय?”

“ठेवायला जागा नाही. पेटीत दोनच रकाने आहेत. वेळ आणि उंची.”

मी हेमांगीकडे न बघता बोललो. तिला ते लागलं असणार. पण मीही थकलो होतो आणि कुठेतरी ते बोलायचं राहून गेलं होतं.

“माझ्या वह्येत जागा होती,” बाबीकाका म्हणाले.

होती. त्यांच्या वहीत रकाने चार. तारीख, वेळ, उंची, शेरा. धुकं असलं, पट्टीवर कालवांच्या शिंपल्या चढल्या, एखादी होडी नेमकी आड आली, तर उंचीची जागा कोरी सोडायची आणि शेऱ्यात दोन शब्द लिहायचे, ‘दिसले नाही’. तापाने अंथरुणात असले तर तेही लिहायचे. एकतीस वर्षांच्या वह्या हेमांगीने विद्यार्थिनी असताना संगणकावर चढवल्या होत्या. संस्थेच्या तक्त्यात शेऱ्याला रकाना नव्हता, म्हणून शेरे गेले. कोऱ्या जागा वाईट दिसत होत्या, म्हणून तिने पुढचेमागचे आकडे बघून त्या भरल्या. सगळं सलग आणि देखणं झालं. तो छापलेला गठ्ठा घेऊन ती मोठ्या कौतुकाने बाबीकाकांकडे आली होती.

त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, “ह्या दिसाक माका ताप इललो. पाणी तू कधी बघलंस?”

ती हसली होती म्हणे. गाडीत येताना तिने मला हे सांगितलं. त्यानंतर अकरा वर्षं ती या ओटीवर आली नाही. यंत्र बसवायला आली तेव्हाही धक्क्यावरूनच परत गेली.

“चुकलं माझं, काका,” ती आता म्हणाली. “पुढच्या पेटीत जागा ठेवीन. पण उद्याचं काय करू? गावात विचारून झालं. कोणी म्हणतं गुडघ्याएवढं होतं, कोणी म्हणतं कमरेएवढं. रस्त्यावर तेव्हापासून दोनदा भराव पडलाय. कशावरून मोजू?”

...

“तुम्ही गेला असाल ना त्या दिवशी धक्क्यावर?”

“गेललंय.”

ती पुढे सरकली. “वाटलंच मला. धक्क्याला पायऱ्या बारा आहेत. कितव्या पायरीवर होतं पाणी?”

“दिसला नाय.”

“पावसामुळे?”

“दिसला नाय.”

“अंदाजे तरी. दहावी? अकरावी?”

“चेडवा, दिसला नाय म्हणान सांगतंय मां तुका.”

“मग अंदाज सांगा! एकतीस वर्षं काढलीत तुम्ही या पाण्यावर. तुमचा अंदाज माझ्या पेटीपेक्षा बराच असणार.”

“बरो असात. पण तो माझो. दर्याचो न्हय.”

इथे हेमांगीचा तोल गेला. तिने पिशवीतून दाखला काढला आणि त्यांच्या तोंडापुढे धरला.

“हा बघा कागद. एकच रकाना राहिलाय. यात मी काय लिहू? काहीच नाही? चार वर्षं गेली यात, सहा माणसं राबली. मी उद्या माहीत नाही म्हणाले तर संस्था ही यंत्रंच बंद करेल, पोरं घरी बसतील. हे पाध्ये बघा, आकडे निवडून निवडून डोळे गेले यांचे. आणि धक्का तुमच्याच गावाचा आहे ना? तुम्हाला हट्ट कसला सुचतोय?”

बाबीकाकांनी सूप मांडीवरून उतरवलं.

“फळयेरची वही काढ,” ते म्हणाले. “वरची.”

तिने भिंतीवरच्या फळीवरून वही काढली. चौकटीच्या उजेडात धरून उघडली. मी तिच्या खांद्यावरून पाहत होतो.

तारीख. वेळ. उंचीची जागा कोरी. शेरा, ‘दिसले नाही’. सही.

त्याखाली दुसऱ्या दिवसाची ओळ. दिसले नाही. सही. त्याखाली तिसरी. ओळी तिरप्या होत गेल्या होत्या, काही एकमेकींवर चढल्या होत्या. एके ठिकाणी अक्षरं पानाबाहेर गेली होती आणि त्यांचं शेपूट पुढच्या पानावर नव्हतंच.

हेमांगीने पानं उलटली. वादळाचा दिवस काढला. वेळ लिहिलेली होती. दिसले नाही. सही.

तिने आणखी मागची पानं पाहिली, मग वही मिटली.

“काका... तुमचे डोळे?”

“काचबिंदू. दोन वर्सा झाली.”

मला लाज वाटली. तास-दीड तास आम्ही समोर बसलो होतो. या माणसाने एकदाही आमच्याकडे पाहिलं नव्हतं. आल्या आल्या ‘कोण ता?’ म्हणाले आणि हेमांगीला आवाजावरून ओळखलं. वाल बोटांनी चाचपून सोलत होते. निरीक्षणं करून पोट भरणारी आम्ही दोन माणसं, आणि दोघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही.

“मग धक्क्यावर कशाला जाता रोज?” हेमांगीचा राग कुठल्या कुठे गेला होता. “नोकरी संपून किती वर्षं झाली?”

“नोकरी संपली. भरती खय संपली?”

“पण दिसत नाही तर...”

“म्हणान तर लिवतंय.”

ती पायरीवर बसली. दाखला अजून हातातच होता. ती बोलली त्यात टोचून बोलणं नव्हतं, नुसता शीण होता.

“काका, या वहीत दोन वर्षांत एकही आकडा नाही. हिचा उपयोग काय?”

“तुझे आकडे किती? एकवीस लाख?”

“हो.”

“त्येतले खरे काढून दाखव.”

...

“आता ह्येतलो एक खोटो काढून दाखव.”

सुपातल्या डाळिंब्यांवर माश्या बसत होत्या, त्या मी हाताने हाकलल्या. दुसरं काही सुचलं नाही.

मग बाबीकाकांनी बोटांवर काहीतरी मोजलं. “आज षष्ठी. तिथ सावी, साची पाऊणपट... साडेचारांक भरती पुरी. चला.”

धोतराला हात पुसले, कोपऱ्यातली काठी घेतली आणि निघाले. वाट त्यांच्या पायांना पाठ होती. मागून आम्ही डोळस माणसं ठेचकाळत चाललो होतो.

धक्क्यावर कोणी नव्हतं. पाणी पुरं चढलं होतं आणि हलत नव्हतं. सूर्य पश्चिमेला कलून थेट पाण्यावर आला होता, त्यामुळे सगळीकडे नुसती चकाकी होती. हेमांगी पेटीजवळ उभी राहिली.

“किती?” बाबीकाकांनी विचारलं.

“एक मीटर चौऱ्याहत्तर.”

“वाचलंस, काय पेटयेन सांगल्यान?”

“पेटीवर आहे. पण बरोबर आहे, काका. भरती पुरी झालीय. पाणी उभं आहे, आकडाही उभा आहे.”

मी खिशातली छोटी वही काढली. दुपारी गावात शिरताना आम्ही इथे थांबलो होतो तेव्हा सवयीने मी पेटीवरचा आकडा टिपला होता.

“मॅडम,” मी म्हणालो, “दीड वाजताही हाच होता.”

“काय?”

“दीड वाजता. एक-चौऱ्याहत्तर.”

ती पायऱ्यांकडे वळली. दुपारी मी ज्या पायरीवर चप्पल काढून पाय धुतले होते ती आता दिसत नव्हती. तिच्यावरच्याही दोन पायऱ्या पाण्याखाली गेल्या होत्या. पेटी मात्र आपली एक-चौऱ्याहत्तर सांगत होती. दर मिनिटाला, न चुकता, न थांबता. बारीकसा हिरवा दिवा लुकलुकत होता. सगळं ठीक चाललंय, असा त्याचा अर्थ. तो दिवाही हेमांगीनेच बसवला होता.

ती बराच वेळ त्या दिव्याकडे बघत राहिली. मला वाटलं तिच्याजवळ जावं, पण गेलो नाही.

“पट्टी असा थयसर,” बाबीकाका म्हणाले. “पट्टी वाच.”

ती भिंतीच्या कडेला आली, गुडघे टेकून खाली वाकली. जुनी पट्टी तिथेच होती. दोन वर्षांत कोणी घासली नव्हती. आकड्यांवर कालवं चढली होती, वर ती चकाकी. तिने हाताची सावली केली. डोकं इकडून तिकडे करून पाहिलं.

“दोन...” ती म्हणाली.

बाबीकाका थांबले.

“दोन आणि... दहा. दहा-बाराच्या आसपास.”

“आसपास कोणी इचारल्यान नाय.”

ती आणखी वाकली. मी मागून तिची ओढणी धरली, पाण्यात पडेल म्हणून. असा किती वेळ गेला सांगता येत नाही. पाणी हलायला लागलं, भरती उतरायला लागली, तेव्हा ती उठली. कपाळ घामाने भिजलं होतं.

“किती?” बाबीकाकांनी पुन्हा विचारलं.

...

“दिसत नाही, काका.”

तिला रडू आलं. ते तिने लपवलं नाही आणि आम्हीही पाहिलं नाही असं केलं नाही. बाबीकाकांनी मान हलवली, काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“मगे लिव तसा.”

“वही घरी राहिली.”

दर्यावरून वारा आला, तिच्या हातातला दाखला फडफडला. बाबीकाकांनी कान टवकारले.

“हातात कागद वाजता मां तुझ्या?” ते म्हणाले. “त्येच्यार लिव.”